सातखणीची बार्बारा : एका आद्य ख्रिस्ती हुतात्म्याची कथा आणि आपल्या खाडीवरचा मनोरा

(पेण आणि रोहा इथं झालेल्या जाहीर व्याख्यानांचं एकत्र शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन दिले आहेत.)



विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी आम्हांला विचारलं, की पेण-रोह्याच्या श्रोत्यांपुढे रोमन काळातली ख्रिस्ती संत कशाला? त्याला आमची उत्तरं दोन. पहिलं असं, की ज्या पेण तालुक्यातल्या गागोद्यात विनोबा जन्मले, त्याच विनोबांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध केलं. दुसऱ्याच्या धर्मातलं समजून घ्यायला आपल्या मातीनं कधी परवानगी मागितलेली नाही. दुसरं उत्तर भूगोलाचं आहे. रोह्यावरून वाहणारी आपली कुंडलिका जिथं समुद्राला मिळते, तिथं रेवदंडा आहे. रेवदंड्याच्या कोटात एक उंच, पडका मनोरा उभा आहे. आपण त्याला ‘सातखणी’ म्हणतो, म्हणजे सात मजल्यांचा. वरचे मजले कधीच ढासळले, नाव तेवढं सातांचं राहिलं. पुष्कळजण तिथं जातात, फोटो काढतात, परत येतात. तो मनोरा ज्या मठाचा होता, तो मठ एका मुलीच्या नावानं बांधलेला होता हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. त्या मुलीचं नाव सांता बार्बारा.

आजचं व्याख्यान या बार्बारावर आहे. तिची कथा काय, त्यातलं इतिहासाला मान्य किती, तिचं नाव तोफांना कसं चिकटलं, आणि आज आपल्या जिल्ह्यात या कथेकडे का बघायचं, या क्रमानं जाऊ.

आधी एक शब्द : हुतात्मा

इंग्रजीत ज्याला ‘मार्टर’ म्हणतात तो शब्द मूळचा ग्रीक ‘मार्तुस’. त्याचा अर्थ ‘मेलेला’ नाही, ‘शूर’ही नाही. अर्थ आहे ‘साक्षीदार’. कोर्टात उभा राहून ‘मी हे पाहिलं, मी हे मानतो’ असं सांगणारा माणूस. गंमत बघा, अरबीतून आपल्याकडे आलेला ‘शहीद’ हा शब्दसुद्धा ‘साक्ष’ याच अर्थाच्या धातूपासून झाला आहे. आपला ‘हुतात्मा’ शब्द वेगळ्या वाटेनं येतो. ‘हुत’ म्हणजे हवन केलेलं. ज्यानं स्वतःचीच आहुती दिली तो हुतात्मा. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, त्यात पडलेल्यांना आपण हुतात्मे म्हणतो. तिथं नाग्या कातकऱ्याचं नाव आपण आदरानं घेतो.

दोन शब्दांतला फरक लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. आहुतीत मरण महत्त्वाचं असतं. साक्षीत सांगणं महत्त्वाचं असतं. मरण हे त्या सांगण्याची किंमत म्हणून येतं.

त्या काळी नेमकं काय मागितलं जात होतं?

आपला समज असा असतो, की रोमन बादशहा उठले आणि ख्रिस्ती लोकांना सिंहांपुढं टाकत सुटले. तसं नव्हतं. पहिली सुमारे दोनशे वर्षं छळ अधूनमधून, एखाद्या शहरात, एखाद्या प्रांतात होत असे.

इ.स. ११२ च्या सुमाराची एक नोंद फार बोलकी आहे. प्लिनी नावाचा सुशिक्षित, सभ्य गृहस्थ बिथिनिया प्रांताचा, म्हणजे आजच्या उत्तर तुर्कस्तानातल्या भागाचा सुभेदार होता. त्यानं सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारलं, की ख्रिस्ती म्हणून पकडून आणलेल्यांचं काय करायचं? नुसतं नाव लावणं हा गुन्हा, की काही प्रत्यक्ष अपराध दिसला पाहिजे? तपासासाठी त्यानं दोन दासी स्त्रियांना यातना दिल्या, आणि त्यात त्याला कुठलाही कट सापडला नाही. तरीही, विचारल्यावर जे मागं हटत नाहीत त्यांचा हट्ट शिक्षेला पात्र आहे, असं त्याला वाटत होतं. म्हणजे चोरी नाही, मारामारी नाही. गुन्हा काय, तर हट्ट.

पुढं इ.स. २५० मध्ये सम्राट देसियसनं हुकूम काढला, की सगळ्यांनी देवतांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या कोरड्या वाळूत हे दाखले खरोखर सापडले आहेत, पपायरसवर लिहिलेले. अमुक गावचा अमुक, त्यानं आमच्यासमोर नैवेद्य दाखवला, प्रसाद चाखला, खाली साक्षीदारांच्या सह्या. आपल्या तहसील कचेरीतला दाखला असतो, अगदी त्या नमुन्याचा कागद!

मग इ.स. ३०३. सम्राट डायोक्लेशनची राजधानी निकोमीडिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझमित. तिथलं ख्रिस्ती मंदिर राजवाड्यातून दिसत असे. २३ फेब्रुवारीला ते जमीनदोस्त केलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी हुकूम लागला : प्रार्थनास्थळं पाडा, ग्रंथ जाळा, या लोकांचे हक्क काढून घ्या. हा सगळ्यांत मोठा छळ. तो ३११ मध्ये ओसरू लागला आणि ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस यांनी मोकळीक दिल्यावर थांबला.

आता यात मागणी केवढी होती ते बघा. चिमूटभर धूप. निखाऱ्यावर टाका, दाखला घ्या, घरी जा. पुष्कळांनी टाकला, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. घरी लहान मुलं असतात. पण काहीजण म्हणाले, ‘नाही, हे आम्हांला खोटं वाटतं.’ त्या ‘नाही’ला मार्तुस म्हणत.

बार्बाराची कथा

आता कथा सांगतो. परंपरेनं जशी आली तशी सांगतो; चिकित्सा नंतर.

दिओस्कोरस नावाचा एक श्रीमंत माणूस होता. बहुतेक पाठांत गाव निकोमीडिया. त्याला एकच मुलगी, बार्बारा, देखणी आणि हुशार. तिच्यावर कुणाची नजर पडू नये आणि तिच्या कानावर भलतंसलतं पडू नये, म्हणून बापानं एक उंच मनोरा बांधून तिला त्यात ठेवलं. चांगली स्थळं आणली, तिनं नाकारली. मनोऱ्याच्या खिडकीतून आकाश, झाडं, ऋतू बघत ती विचार करू लागली, की बाप ज्या मूर्तींची पूजा करतो त्यांनी हे सगळं घडवलं असेल का? नंतरच्या काही पाठांत ती ओरिजेन या मोठ्या ख्रिस्ती विद्वानाला निरोप पाठवते आणि त्याचा शिष्य वैद्याच्या वेषात येऊन तिला उपदेश करतो. ती बाप्तिस्मा घेते.

बाप परगावी गेलेला असताना गवंडी स्नानगृह बांधत होते. काही पाठांत स्नानगृहाऐवजी मनोराच येतो. नकाशात खिडक्या दोन होत्या. बार्बारानं तिसरी पाडायला लावली. बाप परत आला आणि त्यानं विचारलं, तिसरी कशाला? ती म्हणाली, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, या तिघांसाठी.

बापानं तलवार उपसली. ती पळाली. कथेत खडक दुभंगून तिला वाट देतो. डोंगरावर दोन मेंढपाळ होते. बापानं त्यांना विचारलं. एकानं ‘पाहिली नाही’ म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं बोट दाखवलं. कथा त्या बोट दाखवणाऱ्याला माफ करत नाही. तो दगड होतो, त्याची मेंढरं टोळ होतात.

बापानं तिला केस धरून ओढत आणलं आणि मार्तियानस नावाच्या सुभेदारापुढं उभं केलं. सुभेदारानं आधी समजावलं, मग यातना दिल्या. रात्री कोठडीत तिच्या जखमा भरून येत. तिचा छळ बघून जुलियाना नावाची एक स्त्री गर्दीतून पुढं आली आणि म्हणाली, मीही याच श्रद्धेची, तिलाही पकडलं. लाज घालवण्यासाठी बार्बाराला रस्त्यातून उघडी फिरवली, तेव्हा देवानं तिला झाकलं. शेवटी शिरच्छेदाची शिक्षा झाली. शिक्षा अंमलात कुणी आणली? बाप म्हणाला, मी आणतो. त्यानं डोंगरावर नेऊन स्वतःच्या हातानं मुलीचं डोकं उडवलं. तो खाली उतरत असताना स्वच्छ आकाशातून वीज पडली आणि तो जागच्या जागी भस्म झाला.

तिचा स्मरणदिन ४ डिसेंबर.

यातलं खरं किती?

आता चिकित्सा. इथं आम्ही लपवाछपवी करणार नाही, कारण स्वतः कॅथलिक चर्चनंही केलेली नाही.

पहिल्या काही शतकांतल्या लिखाणात बार्बाराचा उल्लेख मिळत नाही. तिची कथा ग्रीकमध्ये लिहिलेली मिळते ती सातव्या शतकाच्या सुमारास, म्हणजे मधे तीन-चारशे वर्षं गेलेली. दहाव्या शतकात सिमेऑन मेटाफ्रास्टेस या संकलकानं तिला बांधेसूद रूप दिलं. गावाबद्दल एकमत नाही : निकोमीडिया, हेलिओपोलिस, रोम, इटलीतलं तोस्काना. काळाबद्दलही नाही : कुणी इ.स. २३५ च्या आसपास म्हणतं, कुणी ३०० च्या पुढंमागं. तिच्या नावाचाच अर्थ ‘परकी’ असा होतो. ग्रीक ‘बार्बारोस’ म्हणजे ज्याची भाषा आपल्याला ‘बरबर’ ऐकू येते तो. आपल्या संस्कृतमधल्या ‘बर्बर’ शब्दाचा भाऊबंदच. कुणा अनामिक परदेशी मुलीची आठवण या नावात राहिली असेल का? असू शकेल. सिद्ध करता येत नाही.

म्हणून १९६९ मध्ये पोप सहावे पॉल यांच्या काळात रोमन पंचांगाची फेररचना झाली, तेव्हा सगळ्या जगानं पाळायच्या स्मरणदिनांतून बार्बाराचा दिवस काढला गेला. ‘तिचं संतपद काढलं’ असं कुणी सांगतं, ते चूक आहे. चर्चच्या हुतात्म्यांच्या यादीत ती आजही आहे. ज्यांची परंपरा आहे ते तिचा दिवस पाळतात, आणि पूर्वेकडच्या चर्चमध्ये तर तो थाटात होतो. सीरिया-लेबनॉनमध्ये त्या दिवशी उकडलेल्या गव्हाचा गोड पदार्थ करतात. आपल्या गव्हाच्या खिरीसारखाच म्हणा ना! लोककथा अशी, की बार्बारा पळताना गव्हाच्या शेतानं वाढून तिला लपवलं.

हा फरक नीट कळण्यासाठी आपल्याजवळची दोन उदाहरणं ठेवू. ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांची नावं माहीत आहेत आणि पोर्देनोनेच्या ओडोरिक या प्रवाशानं थोड्याच वर्षांत ठाण्याला येऊन त्यांची हकिकत लिहून ठेवली. दुसरे वसईचे गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मले, व्यापार केला, फ्रान्सिस्कन बंधू झाले, जपानमध्ये दुभाष्याचं काम केलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २६ जणांत क्रूसावर मारले गेले. १८६२ मध्ये त्यांना संत म्हणून घोषित केलं. या दोन्हींना कागदाचा आधार आहे. बार्बाराला कथेचा आधार आहे. दोन्हींचा मान ठेवावा, पण दोन्ही एका मापानं मोजू नयेत.

बाप आणि मुलगी : कागदावरची एक खरी भेट

मग नुसती दंतकथा म्हणून सोडून द्यायची का? थांबा. कथेच्या मधोमध जे आहे, बाप आणि मुलगी, ते मात्र हवेतून आलेलं नाही.

कार्थेज, म्हणजे आजच्या ट्युनिसजवळचं शहर, साल २०३. पर्पेतुआ नावाची बावीसेक वर्षांची तरुणी, खानदानी घरातली, कडेवर तान्हं मूल. ख्रिस्ती व्हायची दीक्षा घेत होती म्हणून पकडली. तुरुंगात तिनं लिहिलेली टिपणं आपल्यापर्यंत आली आहेत. त्या काळातल्या बाईनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं फार थोडं शिल्लक आहे, त्यातलं हे एक. त्यात तिचा बाप पुन्हा पुन्हा येतो. पहिल्यांदा रागावतो. ती समोरचं भांडं दाखवून विचारते, याला भांड्याखेरीज दुसरं काही म्हणता येईल का? तसंच मी जी आहे तिला दुसरं नाव कसं लावू? नंतर बाप हात धरतो, पाया पडतो, म्हणतो माझ्या पिकल्या केसांकडे बघ, तुझ्या मुलाकडे बघ. सुनावणीच्या वेळी तो तिला मागं ओढू लागतो तेव्हा सुभेदार त्यालाच छडीनं मारायला लावतो. आपल्याला पडलेल्या माराइतकंच ते आपल्याला लागलं, असं ती नोंदवते. ७ मार्च २०३ ला तिला आखाड्यात मारलं.

हा खरा बाप बार्बाराच्या बापासारखा खलनायक नाही. तो रडतो. तोही दरबाराच्या सत्तेखाली चिरडलेला आहे. पण दोन्ही कथांत प्रश्न एकच आहे : मुलीच्या मनात काय असावं हे ठरवणार कोण?

रोमन कायद्यात कुटुंबप्रमुख बापाला घरच्यांवर जीव घेण्या-देण्याचा अधिकार मानलेला होता. प्रत्यक्षात तो क्वचितच वापरला जाई, पण होता. इ.स. ३१८ च्या सुमारास कॉन्स्टंटाइनच्या कायद्यानं अपत्याची हत्या हा पितृहत्येच्या बरोबरीचा गुन्हा ठरवला. म्हणजे बार्बाराची कथा ज्या काळावर बेतलेली आहे, त्या काळी बापाच्या हातातली तलवार ही निव्वळ कल्पना नव्हती. कथेनं घटना नोंदवली असेल-नसेल. घरातली भीती बरोबर नोंदवली.

मुलीचं नाव तोफेला कसं लागलं?

बाप विजेनं मेला, एवढ्या एका गोष्टीवर पुढचं सगळं उभं राहिलं. वीज म्हणजे अचानक आग, अचानक आवाज, अचानक मरण. म्हणून मध्ययुगीन युरोपात वादळ-विजेपासून आणि अवचित मरणापासून वाचवणारी म्हणून लोक तिला हाक मारू लागले. पोर्तुगीजांत म्हणच आहे : मेघ गडगडले की मगच सांता बार्बाराची आठवण होते. आपल्याकडे संकट आलं की देव आठवतो, तसंच.

मग तोफा आल्या. सुरुवातीच्या तोफा शत्रूइतक्याच स्वतःच्या गोलंदाजालाही मारत. नळी फुटली की संपलं. बारुदीजवळ काम करणाऱ्याला ही ‘विजेची संत’ आपली वाटली. स्पॅनिश भाषेत जहाजावरच्या दारूच्या कोठाराला आजही ‘सांताबार्बारा’ म्हणतात. सुरुंग लावणारे खाणकामगार, बोगदे खणणारे, सगळे तिच्या छत्राखाली आले. स्वित्झर्लंडचा ५७ किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा २०१६ मध्ये खुला झाला. तिथंही कामगारांनी तिची मूर्ती ठेवली होती आणि ४ डिसेंबर पाळला जात होता. रोहेकरांना हे वेगळं सांगायला नको. कोकण रेल्वे आपल्या रोह्यापासून सुरू होते आणि पुढं नव्वदहून जास्त बोगद्यांतून जाते. ती बांधताना माणसं गेली. रत्नागिरीला त्यांचं स्मारक आहे. डोंगराच्या पोटात शिरणारा माणूस नारळ फोडतो किंवा मेणबत्ती लावतो. त्यामागचं काळीज एकच असतं. खंडेनवमीला आपण हत्यारांची आणि अवजारांची पूजा करतो, तीही याच जातीची.

पण सैनिकाची भीती वेगळी आणि राज्यकर्त्याचा झेंडा वेगळा. इथून आपण रेवदंड्याला येतो.

रेवदंडा

पोर्तुगीजांना चौलला वखार-कोट बांधायची परवानगी निजामशाहीकडून मिळाली ती १५२१ मध्ये. आजचा रेवदंडा म्हणजे त्यांचं चौल. १५३४ च्या सुमारास तिथं फ्रान्सिस्कनांनी सांता बार्बाराचा मठ आणि चर्च उभं केलं. त्याचाच मनोरा म्हणजे आपली सातखणी. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहानं चौलला वेढा घातला. तोफखाना दोन्हीकडे दांडगा. त्या धामधुमीत तटाच्या कडेचे मठ आणि वाडे मोर्चे बनले, आणि फ्रान्सिस्कनांचा मठही त्यातून सुटला नाही. प्रार्थनेची जागा आणि तोफेची जागा एक झाली. खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये जिंकला. तिथल्या बुरुजांनाही संतांचीच नावं दिली. वसई पडल्यानंतर, १७४० मध्ये, हे सगळं मराठ्यांच्या हाती आलं.

असंच गोव्यात झालं. अल्बुकर्कनं गोवा घेतलं तो दिवस २५ नोव्हेंबर १५१०, संत कॅथरीनचा. म्हणून जुन्या गोव्याचं सर्वांत मोठं चर्च कॅथरीनच्या नावाचं. ही कॅथरीन कोण? सत्तेपुढं वाद घालून मेलेली अलेक्झांड्रियाची एक मुलगी. तिचीही कथा बार्बारासारखीच कागदाविना चालत आलेली.

काय झालं हे नीट बघा. ज्या मुलींना राज्यसत्तेनं मारलं, त्यांच्याच नावानं दुसऱ्या राज्यसत्तेनं किल्ले बांधले. एकोणीसशे वर्षांपूर्वी चिमूटभर धूप न टाकणाऱ्यांना जे सोसावं लागलं, ते पुढं गोव्यातल्या धर्मसभेच्या न्यायालयात, म्हणजे इन्क्विझिशनमध्ये, १५६० पासून इतरांना सोसावं लागलं. ते चालवणारे त्याच हुतात्म्यांचे सण पाळत होते. हे आम्ही कुणा एका धर्मावर बोट ठेवायला सांगत नाही. आपल्यासकट सगळीकडचं हेच आहे. हुतात्मा मेला की त्याचा पुतळा होतो, आणि पुतळा कुणाच्या हाती जाईल ते हुतात्म्याला ठरवता येत नाही. सातखणीच्या पायथ्याशी आज जुन्या तोफा पडून आहेत. वर एका साक्षीदार मुलीचं नाव, खाली तोफा. दोन्ही इतिहास तिथं एका जागी दिसतात.

मग आज आपण यातून काय घ्यायचं?

रोमन दाखल्याची गोष्ट परत आठवा : धूप टाक, दाखला घे, घरी जा.

आपल्या रायगड जिल्ह्यात ‘वाळीत टाकणं’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गावकीचं ऐकलं नाही, मनाविरुद्ध लग्न केलं, वर्गणी दिली नाही, निवडणुकीत वेगळा उभा राहिला, की बोलणं बंद, पाणी बंद, मयताला खांदा बंद. सुटायचं असेल तर? सभेत माफी माग, दंड भर. मागणी बहुतेक वेळा छोटीच असते, आणि म्हणूनच ती नाकारणारा ‘हट्टी’ ठरतो. प्लिनीचाच शब्द! या प्रकरणांनी आपला जिल्हा बदनाम झाला, आणि त्यातूनच महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा २०१६ चा कायदा केला. जुलै २०१७ पासून तो लागू आहे. आणि पोटच्या पोरीनं स्वतःच्या मनानं जोडीदार निवडला म्हणून बाप-भावांनीच तिला संपवण्याचे प्रकार? त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाला २७ मार्च २०१८ च्या ‘शक्तिवाहिनी’ निकालात सांगावं लागलं, की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात खाप किंवा जमावाला ढवळाढवळ करण्याचा अधिकार नाही.

दिओस्कोरस दंतकथेतला आहे, पण त्याची बातमी आपल्याला वर्तमानपत्रात भेटते. त्याच्या डोक्यात एकच हिशेब असतो : माझी मुलगी, माझी अब्रू, माझा मनोरा.

आपल्या संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदात एक मोठा शब्द आहे, ‘सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य’. धर्म पाळण्याच्या स्वातंत्र्याच्याही आधी तो येतो. बार्बारानं मागितलेली तिसरी खिडक ती हीच. तिनं त्यातून ख्रिस्त पाहिला. दुसरी कुणी दुसरं काही पाहील, एखादी काहीच पाहणार नाही. पण खिडकी कुठं पाडायची हे तिनं ठरवायचं. आम्हांला वाटतं, या कथेचं सार एवढंच आहे, आणि त्यासाठी ख्रिस्ती असावं लागत नाही.

आणखी एक. कथेतले मेंढपाळ विसरू नका. बापाला आणि सुभेदाराला आपण सहज नावं ठेवतो. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला बापाची किंवा सुभेदाराची भूमिका येत नाही, मेंढपाळाची येते. कुणीतरी येऊन विचारतं, ‘ती कुठं गेली?’ बोट दाखवायचं की नाही, एवढंच आपल्या हातात असतं. आणि जुलियानासारखं गर्दीतून पुढं यायचं की नाही, हेही.

श्रोत्यांचे प्रश्न

*पेण : सर, कथा सिद्धच होत नसेल तर तिला हुतात्मा म्हणणं खोटं नाही का?*

चांगला प्रश्न. इतिहासाच्या परीक्षेत आम्ही ‘सिद्ध नाही’ असंच लिहू, तुम्हीही लिहा. पण डायोक्लेशनच्या काळात निकोमीडियात माणसं मारली गेली हे सिद्ध आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. बायका आणि दासी तर नाहीच. प्लिनीच्या त्या दोन दासींची नावं त्याच्या पत्रातही नाहीत. लोकांनी अशा बिननावाच्या मुलींसाठी एक नाव धरून ठेवलं असं समजा. अज्ञात सैनिकाच्या समाधीपुढं आपण उभे राहतो, तेव्हा नाव विचारत नाही.

*रोहा : आमच्या धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची सशस्त्र सलामी असते. मग देव आणि शस्त्र एकत्र आलं तर बिघडलं कुठं?*

सलामीत काही बिघडलं नाही. तिथं शस्त्र झुकतं, देवाच्या नावानं कुणावर रोखलं जात नाही. आम्ही ज्याबद्दल बोलतोय ती गोष्ट उलटी आहे : देवाचं नाव तोफेवर कोरायचं आणि तोफ माणसांकडे फिरवायची. बंदूक खाली झुकते की समोर रोखली जाते, तेवढं बघायचं. नाव कुणाचंही असो.

जाता जाता

सातखणी बघायला जायचं तर पेणकरांनी वडखळ, पोयनाड, अलिबागवरून जावं. रोहेकरांना खाडीच्या काठाकाठानं साळावचा पूल आहे. मनोऱ्याच्या फार जवळ जाऊ नका, दगड सुटलेले आहेत. भिंतींवर नावं कोरू नका. वेळ असेल तर पलीकडे कोर्लई गावात जा. तिथली ख्रिस्ती मंडळी आजही पोर्तुगीजपासून झालेली बोली बोलतात आणि तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. तोफा गेल्या, राज्य गेलं, भाषा राहिली. त्यांच्याशी दोन शब्द बोला, ते मराठीतही छान बोलतात.

पुढच्या व्याख्यानात ठाण्याच्या १३२१ च्या चार साधूंविषयी बोलू. तिथं कागद भरपूर आहेत, त्यामुळे वादही भरपूर आहेत. प्रश्न तयार ठेवा.